दुपारची वीज, रात्रीचे दिवे

घरावर सौर पॅनेल बसवावेत का, हा प्रश्न बहुधा ‘पैसे किती वर्षांत वसूल होतील?’ असा एका दमात विचारला जातो आणि त्याच हिशेबात बॅटरीही उरकून टाकली जाते. माझ्या मते बराचसा गोंधळ इथेच सुरू होतो. पॅनेल वीज तयार करते. बॅटरी एकही युनिट तयार करत नाही; दुपारची वीज ती फक्त रात्रीपर्यंत राखून ठेवते आणि त्यासाठी थोडी वीज स्वतः खाते. म्हणून दोन्हींची गणिते वेगवेगळ्या कागदांवर मांडलेली बरी.

पॅनेलवर छापलेला आकडा, समजा ४०० वॅट, हा प्रयोगशाळेतला असतो. दर चौरस मीटरला १००० वॅट प्रकाश आणि सेलचे, म्हणजे पॅनेलमधल्या वीज तयार करणाऱ्या चकत्यांचे, तापमान २५ अंश सेल्सिअस असताना तो मोजलेला असतो. भर उन्हात छतावरच्या पॅनेलला हात लावला तर तो चटकन मागे घ्यावा लागतो, कारण तेव्हा सेलचे तापमान ६० अंशांच्या घरात गेलेले असते. सिलिकॉनचा सेल तापला की त्याचा व्होल्टेज उतरतो आणि दर अंशामागे उत्पादन साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. म्हणजे ३५ अंशांच्या वाढीत दहा ते चौदा टक्के वीज गेली. पॅनेल आणि छत यांच्यात वारा खेळायला जागा का सोडतात, ते यावरून कळते. थंड हवेचा पण लख्ख उन्हाचा दिवस पॅनेलला सर्वाधिक मानवतो.

सावलीचा फटका याहून मोठा असतो आणि तो दिसण्यात फसवा असतो. पॅनेलमधले सेल एकसर जोडलेले असतात, त्यामुळे एक सेल पूर्ण झाकला गेला तरी त्या माळेतला प्रवाह अडतो. पॅनेलच्या पाठीमागच्या डबीतले बायपास डायोड, जे सहसा तीन असतात, त्या भागाला वळसा घालून प्रवाह पुढे नेतात. परिणामी चिकटून बसलेल्या एका मोठ्या पानापायी पॅनेलचा तिसरा हिस्सा बाद होऊ शकतो. म्हणून छताचे क्षेत्रफळ मोजण्याआधी सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी झाडांच्या व भिंतींच्या सावल्या कुठवर येतात ते पाहावे, आणि शक्य असल्यास हिवाळ्यात सूर्य खाली असताना पुन्हा पाहावे. पॅनेलच्या म्हातारपणाची मात्र फार चिंता नको. वर्षाला अर्ध्या टक्क्याच्या आसपास घट धरली तरी पंचवीस वर्षांनी ते मूळ क्षमतेच्या ८८ टक्के वीज देत असते. पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर तितका टिकत नाही. दहा-पंधरा वर्षांनी तो एकदा बदलण्याचा खर्च हिशेबात धरलेला असावा.

आता खरा मुद्दा. भर दुपारी घरातल्या मीटरसमोर उभे राहिले तर काय दिसते? फ्रिजचा कंप्रेसर चालू होतो, बंद पडतो. राउटरचे दिवे लुकलुकतात. बाकी घर शांत असते. छतावरचा तीन किलोवॅटचा संच तेव्हा दोन-अडीच किलोवॅट देत असतो आणि त्यातली बहुतेक वीज ग्रीडमध्ये, म्हणजे वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्यात, निघून जाते. संध्याकाळी दिवे, शेगडी, पंखे सगळे एकदम सुरू होतात, तेव्हा छतावर अंधार असतो. तुम्ही वापरलेल्या सौर युनिटची किंमत म्हणजे वाचलेला खरेदीदर, आणि बाहेर गेलेल्या युनिटची किंमत म्हणजे वीज कंपनी त्याचे जे देईल ते. हे दोन दर सारखे असतील, तर ग्रीडच तुमची फुकटची बॅटरी असते. त्यांच्यात अंतर असेल, तरच साठवणुकीचा विचार करण्यात अर्थ आहे.

तोही लगेच बॅटरीचा नव्हे. कपडे धुणे, वाहन चार्ज करणे ही कामे दुपारवर ढकलता येतात. शंभर लिटर पाणी ४० अंशांनी तापवायला सुमारे ४.६ युनिट लागतात; म्हणजे चांगले वेष्टन असलेली गरम पाण्याची टाकी जवळजवळ पाच युनिटच्या बॅटरीइतकी ऊर्जा साठवते. अर्थात तिच्यावर दिवे लागत नाहीत.

एवढे करूनही वीज उरत असेल, तर बॅटरीचे गणित मांडावे. पाच युनिटच्या लिथियम बॅटरीतले साडेचार युनिट रोज वापरले, तर दहा वर्षांत सुमारे १६,००० युनिट तिच्यातून जातात. बॅटरीच्या किमतीला या आकड्याने भागले की एक युनिट दुपारकडून रात्रीकडे नेण्याचे भाडे मिळते. त्यात भरताना-काढताना वाया जाणारी साधारण दहा टक्के वीज मिळवावी आणि हे भाडे वर सांगितलेल्या दरांतल्या अंतराशी ताडून पाहावे. शिवाय १६,००० हा आकडा उदार आहे: ढगाळ दिवशी बॅटरी भरत नाही, घर बंद असले की रिकामी होत नाही. जाहिरातीत सहा हजार चक्रांचे, म्हणजे तितक्या वेळा भरून रिकामी होण्याचे, आश्वासन असते, पण रोज एक चक्र धरले तर त्याला सोळा वर्षे लागतात, आणि बॅटरी वापरली नाही तरी काळानुसार झिजतेच.

वीजपुरवठा वारंवार खंडित होत असेल, तर हे भाडे महाग वाटले तरी परवडते, कारण तिथे तुलना दराशी नसून अंधाराशी असते. मात्र ग्रीडला जोडलेला साधा इन्व्हर्टर वीज जाताच बंद पडतो, बाहेर कितीही ऊन असो. तारांवर काम करणाऱ्या लाइनमनला तुमच्या छतावरून धक्का बसू नये म्हणून त्याची रचनाच तशी असते, आणि अनेकांना हे पहिल्यांदा वीज गेल्यावर कळते. ग्रीडपासून तुटून घर चालवू शकणारा हायब्रिड इन्व्हर्टर वेगळा मागावा लागतो. तो असला तरी साडेचार युनिटवर फ्रिज आणि काही दिवे रात्रभर निभावतात, तर दोन किलोवॅटचा हीटर ते सव्वादोन तासांत संपवतो. म्हणून पैसे देण्याआधी संच बसवणाऱ्याकडून लेखी विचारून घ्यावे, की वीज गेल्यावर घरातले नेमके कोणते प्लग चालू राहतील.