प्रकाशक पुस्तक का घेतो आणि का परत करतो

आमच्याकडे टायपिंग, प्रूफ आणि मांडणीला येणारे निम्मे लोक काम झालं की एकच विचारतात, आता प्रकाशक बघून द्या ना. तर आधीच सांगतो, ते आम्ही करत नाही. पण पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास इतकी वर्षं डीटीपी करतोय, प्रकाशकांच्या फायली पण आमच्याकडेच येतात, त्यामुळे त्यांच्या डोक्यात काय चालतं ते बऱ्यापैकी कळतं. तेवढंच इथे लिहिलंय.

प्रकाशक हस्तलिखित हातात घेतो तेव्हा तो वाचक असतोच पण मनातल्या मनात फॉर्म पण मोजत असतो. फॉर्म म्हणजे एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेली पानं. डेमी या पुस्तकाच्या नेहमीच्या साइजमध्ये 16 पानांचा एक फॉर्म, म्हणजे 240 पानांचं पुस्तक 15 फॉर्मचं. तुमचं 243 वर संपलं तर त्या तीन पानांसाठी जादा तुकडा जोडावा लागतो आणि मग तो म्हणतो जरा कापा, त्याचा राग मानू नका.

आता पैशाचं बघा. समजा किंमत 300 रुपये. त्यातले 40 टक्के विक्रेता-वितरकाला दिले की 120 गेले, लेखकाची रॉयल्टी 10 टक्के धरली तर 30. उरले 150, आणि त्यातून कागद, छपाई, बाइंडिंग, कव्हर, आमचं बिल (हो, तेही!) आणि गोडाऊनचं भाडं. 500 प्रती छापल्या आणि 200च गेल्या तर हातात आले 30,000 आणि बाकीचे 300 गठ्ठ्यात. पूर्वी 1100 ची आवृत्ती सर्रास निघायची, आता 500 किंवा 300 वर येतात ते याचमुळे. म्हणून त्याचा खरा प्रश्न पुस्तक चांगलं आहे का एवढाच नसतो, पहिल्या 300 प्रती कोण घेणार हाही असतो.

त्याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर अर्धं काम झालं. मधुमेहावर लिहिणारे डॉक्टर गावोगाव व्याख्यानं देतात, गडांवर लिहिणाऱ्याच्या मागे ट्रेकिंगचा ग्रुप असतो, एखादीच्या कथा चार-पाच वर्षं दिवाळी अंकात येतायत म्हणजे कुठल्यातरी संपादकाने निवडलेल्या आहेत. ग्रंथालयंही मोठं गिऱ्हाईक, पण त्यांची खरेदी अनुदानावर, ते वेळेवर आलं तर. कवितासंग्रहाला मात्र बहुतेक जण हात जोडतात, आम्हाला वाईट वाटतं पण ते तसंच आहे. पहिलंच पुस्तक असेल तर राज्य सरकारच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिची चौकशी जरूर करा.

आणि हे सगळं जुळलं तरी मजकूर पकडणारा लागतो. आमच्याकडे एक रिटायर एसटी ड्रायव्हर काका आले होते, 400 पानांचं आत्मचरित्र, बालपण, शाळा, मुंज, लग्न, आणि गाडी सुरू होते पान 130 ला. दोघांनी परत पाठवलं. तिसऱ्याकडे चहा पिता पिता काकांनी कुंभार्ली घाटात पावसात रात्रभर अडकलेली गाडी सांगितली, चाळीस पॅसेंजर, एक बाळंतीण, कंडक्टरच्या डब्यातली भाकरी सगळ्यांत वाटलेली. प्रकाशक म्हणाले अहो काका, हे लिहिलंय कुठे? तर ते पान 312 ला चार ओळीत होतं. आता काका घाटापासून परत लिहितायत, होकार अजून आलेला नाही पण फाइल मागून घेतलीय.

प्रकाशक निवडताना आधी त्याची यादी बघा. विज्ञानाची पुस्तकं काढणाऱ्याला कादंबरी देऊन नकार आला तर तो कादंबरीला नसतो, चुकीच्या दाराला असतो. अनुवाद असेल तर पहिला प्रश्न येणार, मूळ लेखकाची परवानगी आहे का? आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतरही 60 वर्षं हक्क राहतो, त्यामुळे अख्खं पुस्तक अनुवाद करून मग परवानगी शोधायला निघू नका, फार मनस्ताप होतो. दिवाळीच्या तोंडावर किंवा साहित्य संमेलनाच्या धावपळीत जाऊ नका, कोणी वाचत नाही. आणि तीन-चार महिने तरी दर आठवड्याला फोन नको.

कोणी पैसे मागितले तर समजून घ्या की त्याने तुमचं पुस्तक निवडलेलं नाही, छापून द्यायचं काम घेतलंय. त्यात गैर काही नाही, घरच्यांसाठी आठवणी छापायच्या तर तेच बरं, फक्त किती प्रती आणि कोणाच्या ताब्यात ते कागदावर घ्या. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, आपल्याकडे सरकारी एजन्सीकडून फुकट मिळतो, त्याचे वेगळे हजार-दोन हजार लावले तर कशाचे ते विचारा. करारात ई-बुक आणि ऑडिओचे हक्क वेगळे लिहून घ्या, कॉपीराइट तुमच्याच नावावर ठेवा.

आमच्याकडे येताना फाइल श्रीलिपीत (मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर) आहे की युनिकोडमध्ये (आता मोबाइलवर, नेटवर चालतं ते) ते बघून या. जुनी श्रीलिपी बदलताना जोडाक्षरं आणि रफार हमखास तुटतात, ते प्रूफात पकडावे लागतात आणि त्याला दिवस लागतात. पहिल्यांदा अख्खा गठ्ठा नको, तुम्हाला सगळ्यात आवडलेली 20 पानं आणा.