भिन्न मूल्ये व टाइमस्टॅम्प, कालश्रेणी डेटाबेसमधील

कालश्रेणी डेटाबेसमध्ये (वेळेनुसार नोंदी साठवणाऱ्या डेटाबेसमध्ये) पुन्हापुन्हा नोंदली गेलेली मूल्ये एकेकदाच वेचून काढणे आणि प्रत्येक मूल्याला त्याचा टाइमस्टॅम्प (कालमुद्रा) जोडून देणे, अशी ही दुहेरी क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) आहे. पहिला भाग सोपा असतो. अडचण दुसऱ्यात येते. कारण एकच मूल्य हजार वेळा नोंदले गेले असेल, तर त्या हजार वेळांपैकी कोणती ‘त्याची’, हे क्वेरी लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागते.

उगम : ‘डिस्टिंक्ट’ (द्विरुक्ती गाळून भिन्न तेवढे देणारा) हा शब्द एसक्यूएल या डेटाबेस-भाषेकडून आला आहे. ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या रिलेशनल प्रारूपात रिलेशन (तक्ता) हा गणिती संच असल्याने त्यात एक ओळ दोनदा येत नाही. डॉनल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या सीक्वेल भाषेतून पुढे एसक्यूएल घडली. तिने द्विरुक्त ओळी चालवून घेतल्या आणि म्हणूनच त्या गाळायला वेगळा शब्द लागला. कालश्रेणी डेटाबेसचा आरंभ कुठून धरावा, याविषयी मात्र एकमत नाही. कुणी तो कारखान्यांतील मोजमापे नोंदवून ठेवणाऱ्या ‘हिस्टोरियन’ प्रणालींपर्यंत, साधारण १९८० च्या दशकापर्यंत, मागे नेतात. कुणी टोबी ओटिकर यांच्या आरआरडीटूलपासून (१९९९) धरतात. प्रस्तुत विषयापुरते पाहता दुसरे मत फारसे उपयोगी नाही. आरआरडीटूल ठरावीक आकाराच्या चक्राकार फाइलीत जुन्या नोंदींचे सरासरी, कमाल असे सार ठेवते आणि सरासरीतून मूळ मूल्ये परत काढता येत नाहीत. हा प्रश्न नेहमीच्या कामात आला तो प्रत्येक श्रेणीला टॅग किंवा लेबल (ओळखीची खूण) लावणाऱ्या प्रणालींमुळे : ओपनटीएसडीबी (सु. २०१०), प्रोमिथिअस (सु. २०१२), इन्फ्लक्सडीबी (२०१३).

वेळेचा प्रश्न : एका पंपाची स्थिती दर दहा सेकंदांनी नोंदली जाते असे समजू. १०:००:०० चालू, १०:००:१० चालू, १०:००:२० बंद, १०:००:३० बंद, १०:००:४० चालू. भिन्न मूल्ये दोनच. मूल्य आणि वेळ या जोडीवर ‘डिस्टिंक्ट’ लावले, तर पाचही ओळी जशाच्या तशा परत येतात, कारण वेळ प्रत्येक ओळीत वेगळी आहे. नवख्यांची गफलत बहुधा इथेच होते. प्रत्येक मूल्याची पहिली वेळ मागितली, तर चालू १०:००:०० व बंद १०:००:२०. शेवटची मागितली, तर १०:००:४० व १०:००:३०. आणि स्थिती कधी कधी पालटली हे हवे असेल, तर उत्तरात तीन ओळी येतात, त्यांतल्या दोन ‘चालू’च्या. त्यासाठी ‘डिस्टिंक्ट’ उपयोगाचे नाही. प्रत्येक ओळ तिच्या आधीच्या ओळीशी ताडून पाहावी लागते (एसक्यूएलमध्ये ‘लॅग’). ‘कधी कधी’ असे विचारणाऱ्याला बहुतेक वेळा हेच तिसरे उत्तर हवे असते.

इन्फ्लक्सडीबीच्या इन्फ्लक्सक्यूएल या क्वेरी-भाषेतील ‘डिस्टिंक्ट’चे वर्तन विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. हे फंक्शन मूल्ये देते, पण त्यांच्या मूळ वेळा टाकून देते. क्वेरीत काळाची खालची मर्यादा दिली नसेल, तर प्रत्येक मूल्यासमोर १ जानेवारी १९७०, ००:००:०० यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), म्हणजे युनिक्स काळाचा शून्यबिंदू छापला जातो. हा बिघाड नव्हे. अनेक नोंदी मिळून काढलेल्या उत्तराला स्वतःची वेळ नसते, म्हणून शून्य भरले जाते. खरा धोका पुढच्या पायरीत आहे. असा निकाल ‘इन्टू’ वापरून दुसऱ्या मेझरमेंटमध्ये (तक्त्यासारख्या नोंदसंचात) लिहिला, तर सगळ्या ओळींची वेळ एकच होते. या डेटाबेसमध्ये एका श्रेणीतील एका टाइमस्टॅम्पला एकच बिंदू असतो, त्यामुळे प्रत्येक नवी ओळ आधीचीला पुसून टाकते. चाळीस मूल्ये लिहायला जावे आणि एक उरावे, तेही कोणत्याही त्रुटीच्या संदेशाविना. शिवाय हे फंक्शन फील्डवर (प्रत्यक्ष नोंदलेल्या मूल्यावर) चालते. टॅगची भिन्न मूल्ये हवी असतील तर ‘शो टॅग व्हॅल्यूज’ वापरावे लागते.

इन्फ्लक्सडीबीच्याच फ्लक्स भाषेत हे दोन अर्थ वेगळे केले आहेत : ‘डिस्टिंक्ट’ केवळ मूल्ये देते, तर ‘युनिक’ त्या मूल्याची आख्खी ओळ वेळेसह राखते. दोन्ही फंक्शने प्रत्येक गटावर स्वतंत्रपणे चालतात. आधी गट मोडले नाहीत तर एकच मूल्य प्रत्येक श्रेणीमागे पुन्हा दिसते. टाइमस्केलडीबी हा कालश्रेणी डेटाबेस पोस्टग्रेस या एसक्यूएल डेटाबेसवर उभा असल्याने त्यात ‘डिस्टिंक्ट ऑन’ मिळते : मूल्यानुसार व त्यातच वेळेच्या उतरत्या क्रमाने लावल्यास प्रत्येक मूल्याची ताजी नोंद हाती येते. प्रस्तुत लेखकाच्या मते वाचायला सर्वांत स्वच्छ मार्ग हाच आहे. प्रोमिथिअसच्या प्रॉमक्यूएल भाषेतील ‘काउंट_व्हॅल्यूज’ मूल्यालाच लेबल बनवून ते किती श्रेणींत आहे हे मोजते, पण एका क्षणापुरते.

मोजणी : भिन्न मूल्यांच्या संख्यांची बेरीज करता येत नाही. काल ४० आणि आज ४० उपकरणे दिसली, तर दोन दिवसांत मिळून ४० ते ८० यांपैकी कितीही असू शकतात. फिलिप फ्लाजोले व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडलेला हायपरलॉगलॉग हा भिन्न मूल्यांची संख्या अंदाजाने काढणारा अल्गोरिदम यावर उपयोगी पडतो. त्याची प्रमाण त्रुटी सुमारे १.०४/√म (म : रजिस्टरांची, म्हणजे मोजणीच्या छोट्या कप्प्यांची, संख्या), १६,३८४ रजिस्टरांना ती ०.८१% येते आणि जागा सुमारे १२ किलोबाइट लागते. दोन दिवसांची रजिस्टरे शेजारी ठेवून प्रत्येक जोडीतले मोठे मूल्य घेतले की दोन दिवसांचा एकत्र अंदाज तयार होतो. मूल्ये कोणती, हे मात्र तो सांगत नाही.

दशांश मोजमापांवर भिन्न मूल्ये मागण्यात सहसा अर्थ नसतो, कारण २०.१ आणि २०.१०००००१ ही दोन वेगळी मूल्ये धरली जातात; आधी पूर्णांकन करावे.

टाइमस्टॅम्पची सूक्ष्मता : प्रोमिथिअस मिलिसेकंद, तर इन्फ्लक्सडीबी नॅनोसेकंद राखतो. ६४ बिटांत नॅनोसेकंद मोजल्यास इ. स. १६७७ ते २२६२ एवढाच काळ मावतो. दिवसवार गट करताना वेळपट्टा सांगितला नाही, तर दिवस सामान्यतः यूटीसीच्या मध्यरात्री तुटतो.