व्हॉइस कॉन्फरन्स गेटवे

इंटरनेटवरून बोलणारे आणि साध्या टेलिफोनवरून बोलणारे लोक एकाच संभाषणात आणणारी संगणकीय व्यवस्था. टेलिफोनच्या जाळ्यातले संकेत (घंटा वाजणे, फोन उचलणे, ठेवणे, बटण दाबणे) गेटवे इंटरनेटच्या संकेतांत बदलतो आणि दोन्ही बाजूंचा आवाज एकमेकांना समजेल अशा रूपात आणतो. कॉन्फरन्समध्ये, म्हणजे अनेकांच्या एकत्र संभाषणात, गेटवेवर आवाजांच्या मिश्रणाचे काम येते. प्रत्येक सहभागीला बाकी सर्वांचा एकत्र आवाज पाठवायचा, पण त्यातून त्याचा स्वतःचा आवाज वगळायचा. त्यामुळे दहा जण बोलत असतील तर गेटवे दर क्षणी दहा वेगवेगळी मिश्रणे तयार करत असतो.

व्हिडिओ कॉलची ॲप्स सर्वत्र असतानाही गेटवेची गरज संपलेली नाही, कारण प्रत्येकाच्या हातात स्मार्टफोन नसतो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांतले कुणी पुण्याला, कुणी परदेशी असते आणि घरातले आजोबा मात्र ०७५१ ने सुरू होणाऱ्या जुन्या क्रमांकावरच सहज बोलतात. मंडळाची बैठक, काव्यवाचन किंवा गाण्याची शिकवणी त्यांना वगळून होऊ नये, हे काम गेटवे करतो. त्याची मांडणी करताना सर्वांत साध्या फोनवरच्या माणसाचा विचार आधी करावा.

पार्श्वभूमी. संभाषण जुळवण्याचे आणि संपवण्याचे नियम ‘सिप’ या प्रोटोकॉलमध्ये (यंत्रांनी एकमेकांशी बोलण्याच्या ठरलेल्या पद्धतीत) आहेत. त्याची पहिली आवृत्ती १९९९ मध्ये प्रमाणित झाली आणि आजही पायाभूत मानली जाणारी आवृत्ती २००२ मध्ये आली. प्रत्यक्ष आवाज वाहून नेतो तो ‘आरटीपी’ हा दुसरा प्रोटोकॉल. सिपचे निरोप एका वाटेने आणि आवाज दुसऱ्या वाटेने जातो, आणि मांडणीतल्या बहुतेक अडचणींचे मूळ इथेच असते. मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये ‘ॲस्टरिस्क’ हे मुक्त सॉफ्टवेअर लिहायला घेतले. तोवर महागड्या एक्स्चेंज यंत्रांनाच जमणारे काम त्यामुळे साध्या संगणकावर होऊ लागले. ‘फ्रीस्विच’ हे त्याच प्रकारचे दुसरे सॉफ्टवेअर आहे, तर जित्सी या व्हिडिओ बैठकीच्या सॉफ्टवेअरमध्ये टेलिफोनवरचा माणूस आणायचा असल्यास ‘जिगासी’ हा जोडभाग वापरतात. पुढील वर्णन ॲस्टरिस्कला धरून आहे.

स्थापना. डेबियन किंवा उबुंटू लिनक्स असलेला संगणक पुरतो. ॲस्टरिस्कची दीर्घकाळ दुरुस्त्या मिळत राहतील अशी आवृत्ती निवडावी. २०२२ ची २० आणि २०२४ ची २२ या तशा आहेत. सोबतच्या स्क्रिप्टने आवश्यक लायब्ररी बसवायच्या, हवी ती मॉड्यूल (सॉफ्टवेअरचे सुटे भाग) निवडायची, सॉफ्टवेअर संकलित (कंपाइल) करायचे आणि ते ॲडमिनच्या खात्याखाली न चालवता स्वतंत्र खात्याखाली चालवायचे. जुन्या मार्गदर्शिका पाहून काम करणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. ‘चॅन-सिप’ हे जुने मॉड्यूल २०२३ च्या २१ व्या आवृत्तीपासून काढून टाकले आहे आणि ‘मीटमी’ही कालबाह्य ठरवले आहे. त्यांच्या जागी ‘पीजेसिप’ (सिपच्या जोडणीसाठी) आणि ‘कॉन्फब्रिज’ (कॉन्फरन्सच्या खोलीसाठी) वापरतात. ज्यांना फाइली हाताने लिहायच्या नाहीत त्यांच्यासाठी ‘फ्रीपीबीएक्स’ची वेबपाने आहेत. तरी आत काय लिहिले जाते हे एकदा उघडून पाहावे, कारण बिघाड शोधायची वेळ आली की त्या फाइलीच वाचाव्या लागतात.

टेलिफोनशी जोडणी. एकच लँडलाइन असेल तर एफएक्सओ अडॅप्टर (लँडलाइनची तार सर्व्हरला जोडणारे यंत्र) चालतो, पण त्यावरून एका वेळी एकच जण आत येतो. मोठ्या संस्था ई-१ पीआरआय लाइन घेत. तिच्यावर ३० जण एकाच वेळी बोलू शकतात. आता बहुधा परवानाधारक कंपनीकडून सिप ट्रंक घेतात. त्यात क्रमांक मिळतो, तार मात्र इंटरनेटचीच असते.

फाइलींची मांडणी. चार फाइली महत्त्वाच्या. पीजेसिपच्या फाइलीत कोण जोडले जाईल ते लिहितात, आरटीपीच्या फाइलीत आवाजाची पोर्ट (संगणकाची क्रमांकित दारे), कॉन्फब्रिजच्या फाइलीत खोलीचे नियम आणि एक्स्टेन्शनच्या फाइलीत डायलप्लॅन, म्हणजे कॉलचे काय करायचे याची यादी. आलेला कॉल उचलायचा, पिन विचारायचा आणि खोलीत सोडायचा, एवढाच कॉन्फरन्सचा डायलप्लॅन असतो. पिन बरोबर टाकूनही प्रवेश मिळत नाही, अशी तक्रार आली तर बहुधा बटणांचे सूर आवाजातून पाठवले जात असतात आणि आवाज दाबून लहान करणाऱ्या कोडेकमध्ये (आवाजाचे आकड्यांत रूपांतर करण्याच्या पद्धतीत) ते विस्कटतात. आरएफसी ४७३३ या इंटरनेट मानकाच्या पद्धतीने ते वेगळ्या निरोपातून पाठवण्याची सोय दोन्ही बाजूंना सुरू असावी.

सर्वांत जास्त वेळ खाते ते नेटवर्क. घरातला किंवा कार्यालयातला सर्व्हर राउटरच्या मागे असतो आणि त्याचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होणारा, म्हणजे फक्त आतल्या आत चालणारा असतो. सिपच्या निरोपात तो तोच पत्ता लिहून पाठवतो. समोरचे यंत्र त्या पत्त्यावर आवाज धाडते आणि तो कुठेच पोहोचत नाही. घंटा वाजते, फोन उचलला जातो, पण एकाच बाजूला ऐकू येते. उपाय ठरलेले आहेत. पीजेसिपमध्ये बाहेरचा पत्ता आणि आतले जाळे दोन्ही लिहायचे, ५०६० हे सिपचे पोर्ट आणि नमुना फाइलीत दिलेली १०००० ते २०००० ही यूडीपी पोर्ट राउटरमधून सर्व्हरकडे वळवायची, आवाज परस्पर न जाता सर्व्हरमधूनच जाईल असे ठरवायचे आणि राउटरमधली ‘सिप एएलजी’ ही सोय बंद करायची. ही सोय मदतीसाठी असली तरी निरोपातले पत्ते चुकीचे बदलून ठेवते. इतके करूनही आवाज येत नसेल तर राउटरचा बाहेरचा पत्ता पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यातला असेल तर इंटरनेट कंपनीने एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे, आणि पोर्ट वळवून काही होणार नाही. अशा वेळी स्थिर पत्ता मागून घ्यावा किंवा सर्व्हर डेटा सेंटरमध्ये भाड्याने घ्यावा.

कोडेक आणि गाणे. टेलिफोनचा मूळ कोडेक जी.७११, १९७२ मध्ये प्रमाणित झालेला. सेकंदाला ८००० नमुने, ६४ किलोबिट. भारतात त्याची ए-लॉ पद्धत चालते, म्हणून यादीत ती पहिली ठेवावी. नेटवर्कची वेष्टणे धरून एका संभाषणाला प्रत्येक दिशेने सुमारे ८७ किलोबिट लागतात. २० जणांना १.७ मेगाबिटच्या आसपास. इथे अपलोडचा वेग मोजावा.

बैठकीला हे पुरेसे आहे, पण ग्वाल्हेरमध्ये गेटवे बसवताना गाण्याचा विचार करावाच लागतो. कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ मध्ये इथे संगीत विद्यालय काढले. १९१८ मध्ये भातखंड्यांच्या पुढाकाराने माधव संगीत महाविद्यालय उभे राहिले. त्याआधी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथली गायकी शिकून महाराष्ट्रात घेऊन गेले होते. या परंपरेतली तालीम दूरच्या शिष्याला द्यायची तर गेटवेची नेहमीची मांडणी अडथळा ठरते.

टेलिफोनचा पट्टा साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झचा. पुरुष गायकाचा षड्‌ज बहुधा १५० हर्ट्‌झच्या खालीच असतो. वरच्या स्वरांशांवरून कान तो भरून काढतो म्हणून सूर कळतो, पण खर्जाचे वजन आणि तंबोऱ्याची जवारी दोन्ही हरवतात. २०१२ मध्ये प्रमाणित झालेला ‘ओपस’ कोडेक सेकंदाला ४८००० नमुन्यांपर्यंत जातो, म्हणून शिकवणाऱ्याच्या आणि शिकणाऱ्याच्या ॲपमध्ये तोच निवडावा. मिश्रणासाठी त्याचे मॉड्यूल सर्व्हरवर वेगळे बसवावे लागते. खोलीचा नमुनादर आपोआप ठरू द्यावा. लँडलाइनवरच्या श्रोत्याला अरुंद पट्ट्यातच ऐकू येईल, इतरांचा आवाज त्यापायी घसरणार नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. कॉन्फब्रिजमध्ये गोंगाट कमी करण्याची आणि शांतता गाळण्याची सोय असते. सतत, एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंख्याची घरघर, असे गोंगाट गाळणारे गणित धरून चालते. तंबोराही सतत आणि एकसारखाच वाजतो. त्यामुळे ही सोय चालू असली की तंबोरा हळूहळू विरतो, आणि मींडेच्या शेवटी स्वर बारीक होतो तिथे तोही कापला जातो. तालमीच्या खोलीत दोन्ही सोयी बंद ठेवाव्यात; फोनवरच्या ॲपमध्येही त्या असतात, तिथेही पाहावे. मंडळाच्या बैठकीसाठी दुसरी खोली करून तिच्यात त्या चालू ठेवाव्यात.

विलंबाचे मात्र काही करता येत नाही. आवाजाची पाकिटे २० मिलिसेकंदांची, मिश्रणाचा टप्पा तेवढाच, वर जिटर बफर (मागेपुढे येणारी पाकिटे सांभाळायला राखलेला वेळ) आणि जाळ्यातला प्रवास. संभाषणात एका दिशेचा १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर खपतो, पण तबल्याची संगत त्याच्या किती तरी आधी बिघडते. म्हणून दोन गावांतून एकत्र गाणे-वाजवणे यावर होत नाही. गुरुजींनी जागा घ्यावी आणि शिष्याने ती मागून म्हणावी, ही तालमीची जुनी रीत मात्र त्यावर नीट चालते, कारण तिच्यात दोघे एकदम गात नाहीत. लय दाखवायची तर ठेका एकाच बाजूला, गाणाऱ्याजवळ असावा.

सुरक्षा. ५०६० हे पोर्ट उघडे दिसले की अनोळखी यंत्रे संकेतशब्द चाचपू लागतात. यश आल्यास ती परदेशी महागडे कॉल लावतात आणि बिल ट्रंक घेणाऱ्याच्या नावावर येते. लांब संकेतशब्द ठेवावेत, निनावी कॉल नाकारावेत, वारंवार चुकणारे पत्ते ‘फेल-टू-बॅन’ या सॉफ्टवेअरने अडवावेत आणि बाहेरून येणाऱ्या कॉलला डायलप्लॅनमधून बाहेर जाण्याची वाटच ठेवू नये. आंतरराष्ट्रीय कॉलची गरज नसेल तर ते कंपनीकडूनच बंद करून घ्यावेत. टीएलएस (निरोपांसाठी) आणि एसआरटीपी (आवाजासाठी) वापरल्यास इंटरनेटवरचा भाग कूटबद्ध होतो, टेलिफोनच्या जाळ्यातला होत नाही. सभासदांना हे आधी सांगितलेले बरे.

कायदा. भारतात इंटरनेट टेलिफोनीला १ एप्रिल २००२ पासून परवानगी मिळाली, तरी देशातल्या टेलिफोन जाळ्याशी तिची सांगड घालण्यावर बंधने राहिली. २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने परवानाधारक कंपन्यांसाठी ती सैल केली. परवान्याशिवाय परदेशी कॉल इंटरनेटवरून आणून सिमकार्डांच्या यंत्रातून स्थानिक क्रमांकांवर उतरवणे हा गुन्हा आहे. स्वस्त जीएसएम गेटवे (असे सिमकार्डांचे यंत्र) विकत घेण्यापूर्वी, मंडळ लहान असले तरी, ट्रंक देणाऱ्या कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे: तिच्या क्रमांकावर आलेले कॉल आणि इंटरनेटवरून आलेले सभासद एकाच खोलीत आणायला तिच्या परवान्यात मुभा आहे का.