सामू (पीएच)

द्रावण किती आम्लधर्मी वा आम्लारीधर्मी आहे हे सांगणारी लघुगणकी मोजपट्टी. हायड्रोजन आयनांची संहती (द्रावणातील प्रमाण) मोल प्रतिलिटरमध्ये घेऊन, १० आधारांकाने तिचा लघुगणक काढून चिन्ह उलटे केले की सामू मिळतो. म्हणून सामू १ ने घटला की ही संहती दसपट होते, २ ने घटला की शंभरपट. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील सोरेन सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये ही मोजपट्टी मांडली.

पाण्यात हायड्रोजन आयन देते ते आम्ल आणि हायड्रॉक्साइड आयन देते ते आम्लारी, ही स्वांटे अऱ्हेनियस यांची व्याख्या शाळेत पुरते. अमोनियापाशी मात्र ती अडते, कारण त्याच्या रेणूत हायड्रॉक्साइड नसतोच. १९२३ मध्ये ब्रॉन्स्टेड व लॉरी यांनी स्वतंत्रपणे ती अडचण सोडवली : प्रोटॉन (म्हणजे हायड्रोजन आयन) देणारे ते आम्ल, स्वीकारणारे ते आम्लारी.

शुद्ध पाण्याचा सामू ७, हे विधान २५° सेल्सिअसपुरते खरे आहे. तापमान वाढले की पाण्याचे विचरण, म्हणजे रेणू फुटून आयन होणे, वाढते. ४५ अंशांना उदासीन पाण्याचा सामू ६.७ च्या आसपास येतो, तरीही ते आम्ल झालेले नसते, कारण हायड्रॉक्साइड आयनही तेवढेच वाढलेले असतात. मे महिन्यात पारा ४५ वर जाणाऱ्या नागपुरात ही बाब पुस्तकी नाही. सामूमापीतील काचेचा इलेक्ट्रोड सामूच्या एका एककामागे २५ अंशांना सुमारे ५९ मिलिव्होल्ट विभवांतर देतो, ४५ अंशांना ६३. त्यामुळे उपकरणाला नमुन्याचे तापमान कळावेच लागते आणि वाचनाआधी ४, ७ किंवा १० अशा ठरावीक, टिकून राहणाऱ्या सामूच्या बफर द्रावणांनी ते जुळवून घ्यावे लागते. रंग बदलणारा लिटमस फक्त आम्ल की आम्लारी ही बाजू सांगतो. हळदही तशीच, आम्लात व उदासीन पाण्यात पिवळी, चुन्याने वा साबणाने लाल.

व्यवहारात आलेल्या पहिल्या सामूमापींपैकी एक लिंबाच्या रसासाठी बनला. कॅलिफोर्नियातील लिंबूवर्गीय फळांच्या उद्योगात रसात टिकवणीसाठी सल्फर डायऑक्साइड घातला जाई. तो लिटमसचा रंग उडवी, हायड्रोजन इलेक्ट्रोडही निकामी करी. यावर अरनॉल्ड बेकमन यांनी १९३४ मध्ये काचेच्या इलेक्ट्रोडला इलेक्ट्रॉनिक प्रवर्धक जोडला.

सामू म्हणजे आम्लाचे एकूण प्रमाण नव्हे, आणि घोटाळा बहुतेक वेळा इथेच होतो. ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू सुमारे १ असतो, तेवढ्याच संहतीच्या ॲसेटिक आम्लाचा २.९. उदासिनीकरणाला मात्र दोघांना कॉस्टिक सोडा सारखाच लागतो. ॲसेटिक आम्ल सौम्य असल्याने त्याचे बहुतेक रेणू अविघटित राहतात. सोडा पडत जातो तसे तेही प्रोटॉन सोडत जातात. नागपुरी संत्र्याची आंबटगोडी ठरवतानाही म्हणूनच निव्वळ सामू पुरत नाही. अनुमापनाने, म्हणजे उदासिनीकरणाला किती आम्लारी लागले ते मोजून, एकूण आम्लता काढतात आणि साखरेशी तिचे गुणोत्तर पाहतात.

संत्र्यातले सायट्रिक आम्ल झाड स्वतः घडवते, जमिनीतून घेत नाही. विदर्भाची काळी माती तर बहुधा आम्लारीधर्मी, आणि जिथे चुनखडी आहे तिथे सामू ८ च्या वर टिकून राहतो. थोडेसे आम्ल ओतून तो हलत नाही, कारण कॅल्शियम कार्बोनेट ते गिळून टाकते. अशा मातीत लोह असते, पण विरघळत नाही. सामू एकाने वाढला की फेरिक आयनांची संहती हजारपटीने घटू शकते. मग कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. माती परीक्षणात साधारणतः एक भाग माती अडीच भाग पाण्यात ढवळून सामू पाहतात. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीसाठी दिलेला चुन्याचा सल्ला इथे उचलणे म्हणजे दुखणे वाढवणे.

बागेत चुना लागतो तो बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकासाठी. डिंक्या रोगावर वापरल्या जाणाऱ्या या मिश्रणाच्या एक टक्का द्रावणात १०० लिटर पाण्यास एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) व एक किलो कळीचा चुना घेतात. मोरचुदाचे द्रावण आम्लधर्मी असते. चुना कमी पडला तर विरघळलेले तांबे पाने करपवते. तपासायला घासून चकचकीत केलेले लोखंडी पाते मिश्रणात बुडवतात. त्यावर तांबूस थर चढला तर चुन्याची निवळी आणखी घालायची. हे सामूचे मोजमाप नव्हे : लोह द्रावणातल्या तांब्याला बाहेर काढते, एवढेच ते दाखवते. पुरेसा चुना पडला की तांबे हायड्रॉक्साइडच्या रूपात साक्यात बसते आणि पाते कोरे निघते.