सनिंगडेल: पाच महिनेही न टिकलेले सरकार

१९९८ साली उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक आणि प्रॉटेस्टंटांनी मिळून सरकार चालवण्याचा गुड फ्रायडे करार झाला. तेव्हा तिथल्या एसडीएलपी या कॅथलिक राष्ट्रवादी पक्षाचे नेते शेमस मॅलन यांनी त्याला ‘मठ्ठ विद्यार्थ्यांसाठीचे सनिंगडेल’ म्हटले. टोमणा दोघांना होता. पंचवीस वर्षांपूर्वी सनिंगडेल इथे झालेला असाच करार उधळून लावणारे प्रॉटेस्टंट युनियनिस्ट एकीकडे, आणि तेव्हा बॉम्ब खाली न ठेवणारी आयआरए, ही एकसंध आयर्लंडसाठी लढणारी सशस्त्र संघटना, दुसरीकडे. हा पहिला धडा काय होता, ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

१९२१ मध्ये आयर्लंडची फाळणी झाली आणि ईशान्येकडचे सहा परगणे ब्रिटनकडे राहिले. तिथे सुमारे दोन तृतीयांश लोक प्रॉटेस्टंट होते. ब्रिटनशी नाते टिकवायचे, ही त्यांची भूमिका, म्हणून ते युनियनिस्ट. उरलेल्या कॅथलिकांचे डोळे दक्षिणेतल्या आयर्लंडच्या राजधानीकडे, डब्लिनकडे. पुढची पन्नास वर्षे स्टॉरमाँटच्या विधिमंडळात एकाच पक्षाची, म्हणजे अल्स्टर युनियनिस्टांची सत्ता राहिली. घरवाटप, नोकऱ्या, मतदारसंघांची आखणी, सगळे त्यांच्या हाती. एका शहरात कॅथलिक बहुसंख्य, तरी तिथल्या नगरपालिकेतही बहुमत युनियनिस्टांचे निघे, इतकी ती आखणी चलाख होती. (या शहराला तुम्ही डेरी म्हणता की लंडनडेरी, यावरून तुमची बाजू आजही ओळखली जाते.)

१९६८ मध्ये त्याच शहरात नागरी हक्कांचा मोर्चा पोलिसांनी झोडपला. पुढच्या वर्षी ब्रिटिश सैन्य रस्त्यावर उतरले, ऑगस्ट १९७१ मध्ये विनाचौकशी स्थानबद्धता सुरू झाली, आणि ३० जानेवारी १९७२ च्या ‘रक्तरंजित रविवारी’ सैनिकांनी तेरा निःशस्त्र माणसे गोळ्या घालून मारली. दोन महिन्यांत पंतप्रधान एडवर्ड हीथ यांनी स्टॉरमाँट बंद करून कारभार लंडनकडे घेतला.

पण लंडनला तो फार काळ नको होता. मंत्री विल्यम व्हाइटलॉ यांनी नवी घडी बसवली: ७८ जागांची विधानसभा, प्रमाणशीर मतपद्धतीने निवडणूक, आणि अट अशी की दोन्ही समाजांचा वाटा असल्याशिवाय मंत्रिमंडळच बनणार नाही. आपल्याकडे आघाडी सरकार म्हटले की आकड्यांची बेरीज डोळ्यांपुढे येते. इथे नुसत्या बेरजेला किंमतच नव्हती. नोव्हेंबर १९७३ मध्ये जमले ते असे: मतदानाचा अधिकार असलेले अकरा मंत्री, त्यांत सहा युनियनिस्ट, चार एसडीएलपीचे आणि एक मध्यममार्गी अलायन्स पक्षाचा. प्रमुख ब्रायन फॉकनर, उपप्रमुख जेरी फिट.

हे फॉकनर म्हणजे १९७१ ची स्थानबद्धता आणणारे उत्तर आयर्लंडचे तेव्हाचे पंतप्रधान. आणि तिच्या निषेधार्थ सरकारी घरांचे भाडे थकवा, असे लोकांना सांगणारा पक्ष म्हणजे एसडीएलपी. त्या आंदोलनातले ऑस्टिन करी आता गृहनिर्माण मंत्री झाले, आणि भाडे थकवणाऱ्या आपल्याच माणसांवर वसुलीचा जादा आकार लावण्याची वेळ त्यांच्यावर आली. तरीही माझ्या वाचनात या मंत्रिमंडळाबद्दल एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते: टेबलाभोवती बसलेल्यांचे एकमेकांशी बरे जमत होते. सरकार आतून फुटले नाही.

ते फुटले बाहेरून, आणि निमित्त ठरली ‘आयर्लंड परिषद’. ६ ते ९ डिसेंबर १९७३ दरम्यान इंग्लंडमधल्या सनिंगडेल इथे लंडन, डब्लिन आणि हे नियोजित मंत्रिमंडळ एकत्र बसले. उत्तर-दक्षिण मंत्र्यांची सामाईक परिषद आणि तिच्या जोडीला साठ सदस्यांची सल्लागार सभा असावी, असे ठरले. एसडीएलपीला त्यात एकसंध आयर्लंडची पहिली पायरी दिसत होती. फॉकनर आपल्या लोकांना सांगत होते की ही नुसती बोलाचालीची जागा आहे. एकाच कागदाचे दोन अर्थ दोन गावांत विकले जात होते. त्यात डब्लिनच्या न्यायालयात कराराला आव्हान मिळाले, आणि करार घटनेविरुद्ध नाही हे दाखवताना तिथल्या सरकारला, घटनेतला उत्तरेवरचा दावा सोडलेला नाही, असेच मांडावे लागले. फॉकनर यांच्या पायाखालची उरलीसुरली जमीन तिथेच सरकली.

१ जानेवारी १९७४ ला मंत्र्यांनी कामाला सुरुवात केली. ४ तारखेला फॉकनर यांच्याच पक्षाच्या कौन्सिलने आयर्लंड परिषद ४२७ विरुद्ध ३७४ मतांनी फेटाळली. त्यांनी पक्षाचे नेतेपद सोडले. सरकारचा प्रमुख राहिला, पण पक्ष गेला.

मेमधला संप सगळ्यांना आठवतो. माझ्या मते खरा घाव त्याआधी फेब्रुवारीत बसला, आणि तो घालणाऱ्याला बेलफास्टशी, म्हणजे उत्तर आयर्लंडच्या राजधानीशी, काही देणेघेणे नव्हते. हीथ यांचे भांडण इंग्लंडच्या खाणकामगारांशी. त्यावर कौल मागायला त्यांनी २८ फेब्रुवारीला मुदतपूर्व निवडणूक लावली. विधानसभा प्रमाणशीर पद्धतीने निवडलेली, पण लंडनच्या संसदेची निवडणूक मात्र ‘ज्याची मते जास्त तो विजयी’ या नियमाने. करारविरोधी युनियनिस्टांनी जागा वाटून घेतल्या, प्रत्येक मतदारसंघात एकच उमेदवार दिला आणि घोषणा दिली, ‘डब्लिन आता फक्त एका सनिंगडेलच्या अंतरावर’. करारवाले मात्र एकमेकांविरुद्धच उभे. विरोधकांना मते मिळाली जेमतेम निम्म्याहून थोडी जास्त, जागा मात्र बारापैकी अकरा. बारावी फिट यांची. दोन महिन्यांचे सरकार त्या दिवसापासून जनाधार नसलेले ठरले. वर हीथही हरले, आणि करार घडवणारा माणूसच लंडनमध्ये उरला नाही.

१४ मेला विधानसभेत करारविरोधी ठराव ४४ विरुद्ध २८ मतांनी पडला. त्याच संध्याकाळी ‘अल्स्टर कामगार परिषद’ या करारविरोधी प्रॉटेस्टंट कामगारांच्या संघटनेने संप पुकारला. पहिल्या दिवशी पुष्कळ लोक कामावर गेले होते. मग मुखवटे घातलेल्या, युनियनिस्टांच्या खासगी सशस्त्र टोळ्यांनी रस्ते अडवले, लार्नचे बंदर बंद झाले. हुकमाचा पत्ता होता बॅलीलंफर्डचे वीज केंद्र. तिथले बहुतेक कर्मचारी प्रॉटेस्टंट. दिवे किती वेळ लागायचे, हे संपकरी ठरवू लागले. पेट्रोलचे परवानेही तेच देऊ लागले. पोलीस आणि सैन्य लंडनच्या हुकमात, मंत्रिमंडळाच्या नव्हे, आणि सैन्याला या भानगडीत पडायचे नव्हते. कामावर परत चला, म्हणून ब्रिटिश कामगार नेते लेन मरी यांनी मोर्चा काढला, त्यात जमली दोनेकशे माणसे. दरम्यान १७ मेला डब्लिन आणि मोनाहनमध्ये बॉम्ब फुटून ३३ माणसे मेली.

२५ मेला नवे पंतप्रधान हॅरल्ड विल्सन टीव्हीवर बोलले. संपवाले ब्रिटनच्या पैशावर जगणारे आहेत, या अर्थाने त्यांनी ‘स्पंजिंग’ हा शब्द वापरला. इंग्रजीत फुकट्यासाठी तो चालतो. शिवी बसायची होती संपकऱ्यांना, बसली सगळ्या प्रॉटेस्टंटांना. दुसऱ्या दिवशी लोक कोटाला स्पंजचे तुकडे टोचून हिंडू लागले. संपाशी ज्यांचे काही नाते नव्हते, तेही.

संपकऱ्यांशी बोला, असा फॉकनर यांचा आग्रह होता. लंडनचे उत्तर आयर्लंडविषयक मंत्री मर्लिन रीस यांनी नकार दिला. २८ मेला युनियनिस्ट मंत्री बाहेर पडले. एसडीएलपीच्या मंत्र्यांनी राजीनामे दिले नाहीत, पण मंत्रिमंडळच उरले नाही.

पुढचे मिळून-वाटून चालवलेले सरकार यायला डिसेंबर १९९९ उजाडले. मधल्या काळात दोन हजारांहून अधिक माणसे मारली गेली. नव्या करारातही उत्तर-दक्षिण मंत्री परिषद होतीच, फक्त या वेळी आधी सार्वमत घेतले होते आणि उत्तरेत ७१ टक्के लोकांनी होकार दिला होता. सरकारचे प्रमुख झाले डेव्हिड ट्रिंबल. १९७४ च्या संपकऱ्यांना कायदेशीर सल्ला देणारे विद्यापीठातले तरुण अध्यापक ते हेच. आणि त्यांचे उपप्रमुख होते शेमस मॅलन.