धुराड्याच्या भिंतीला ओल येते कुठून?

पावसाळ्यात भिंतीला ओल आली की कोल्हापुरात पहिलं निदान ठरलेलं: गच्ची गळतेय. बऱ्याचदा ते बरोबरही निघतं. पण ज्या भिंतीच्या पोटातून जुनं धुराडं वर गेलंय, तिथे हे निदान फसण्याची शक्यता मोठी, आणि त्यापायी लोक गच्चीवर पैसे ओतत बसतात.

ताराबाई पार्क, नागाळा पार्क या भागांतले इंग्रजी धाटणीचे जुने बंगले किंवा पन्हाळ्यावरची काही जुनी घरं पाहा. एखाद्या खोलीत अजून फायरप्लेस सापडते. कित्येक वर्षांत तिच्यात कुणी लाकूड पेटवलेलं नसतं आणि खोलीत ट्रंका, जुन्या गाद्या, मोडका पंखा पडून असतो. मग घरात माणसं वाढतात आणि ही अडगळीची खोली झोपायला करायची ठरते. गवंडी फायरप्लेसचं तोंड विटांनी बुजवतो, वर सिमेंटचा गिलावा, त्यावर ऑइलपेंट, आणि भिंतीला टेकवून पलंग. पहिल्याच आषाढात पलंगाच्या वर पिवळट तपकिरी डाग उमटतो आणि रंगाला फुगे येतात. माझ्या एका स्नेह्यांकडे हेच झालं. गच्चीला वॉटरप्रूफिंग केलं, पुढच्या पावसाळ्यात डाग पुन्हा त्याच जागी. फायरप्लेस नसलेल्या घरांनीही हे वाचावं, कारण जुन्या वाड्यात चुलीमागून वर गेलेलं धुराडं असेल तर विज्ञान तेच आहे.

हा डाग समजून घ्यायचा तर आधी लाकूड जळताना काय होतं ते बघू. लाकूड कितीही खडखडीत वाळलेलं असलं, तरी त्याच्या वजनात सुमारे ६ टक्के हायड्रोजन असतो. जळताना तो हवेतल्या ऑक्सिजनशी जोडला जातो आणि त्याचं पाणी होतं. हिशेब केला तर एक किलो कोरड्या लाकडातून अर्ध्या लिटरहून थोडं जास्त पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. ही वाफ धुराड्याच्या वरच्या गार भागात विटांना लागते आणि तिथेच तिचं पाणी होतं. सोबत काजळी, नायट्रोजन आणि गंधकाची आम्लं, क्लोराइडं असा सगळा ऐवज असतो. आम्लं विटांमधल्या चुन्याच्या दर्जांशी, म्हणजे सांध्यांशी, संयोग पावून कॅल्शियम नायट्रेट, कॅल्शियम सल्फेट असे क्षार तयार करतात. पाणी वाळून जातं, क्षार विटांत मुरून राहतात. शेकोटी बंद होऊन चाळीस वर्षं झाली तरी ते कुठेही जात नाहीत.

या क्षारांतले काही थेट हवेतून पाणी ओढतात. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ना, तीच ही क्रिया. मला स्वतःला यातला सर्वांत सुंदर भाग वाटतो तो हा, की हे पाणी हळूहळू वाढत जात नाही. त्याला एक उंबरठा असतो. शुद्ध मीठ ७४ टक्के आर्द्रतेत ठणठणीत कोरडं राहतं आणि ७६ टक्क्यांत विरघळू लागतं.

असं का, हे जरा सावकाश बघू. पाण्याच्या पृष्ठभागावरून रेणू सतत उडत असतात आणि हवेतले रेणू सतत त्यावर येऊन पडत असतात. २५ अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्याचं उडणं आणि पडणं समतोल व्हायला हवेत सुमारे ३१७० पास्कल इतका बाष्पदाब लागतो. त्यालाच आपण १०० टक्के आर्द्रता म्हणतो. आता पाण्यात मावेल तितकं मीठ विरघळवा. १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ मावतं. मिठाचे सोडियम आणि क्लोराइड असे दोन आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, होतात, तेव्हा या द्रावणातल्या दर शंभर कणांत साधारण ८२ पाण्याचे रेणू आणि १८ आयन असतात. म्हणजे उडू शकणारे कण कमी झाले. नुसत्या संख्येवर भागलं असतं तर हा उंबरठा ८२ टक्क्यांवर आला असता. पण आयनांवर विद्युतभार असतो आणि ते जवळच्या पाण्याच्या रेणूंना धरून ठेवतात, म्हणून उड्डाण आणखी घटतं आणि उंबरठा ७५ टक्क्यांवर उतरतो. त्या द्रावणाचा बाष्पदाब साधारण २३९० पास्कल. हवेत त्याहून जास्त बाष्प असलं की द्रावणावर पडणारे रेणू उडणाऱ्यांपेक्षा जास्त ठरतात. मिठाच्या दाण्यावर पाण्याचा पातळ थर नेहमी असतोच. तो जाड होतो, त्यात आणखी मीठ विरघळतं, आणि दाणा संपेपर्यंत हे चालू राहतं.

प्रत्येक क्षाराचा उंबरठा वेगळा. लाकडाच्या राखेतलं पोटॅशियम कार्बोनेट सुमारे ४३ टक्क्यांवरच पाणी ओढू लागतं, कॅल्शियम नायट्रेट साधारण ५० टक्क्यांवर, आणि कॅल्शियम क्लोराइड तर तिशीतच. उलट सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, नव्वदीच्या वर जाईपर्यंत कोरडा राहतो. धुराड्यात या सगळ्यांची मिसळ असते, आणि मिश्रणाचा उंबरठा त्यातल्या प्रत्येक सुट्या क्षाराच्या उंबरठ्याहून खाली येतो. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये सकाळची आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास असते. अशा हवेत या भिंतीला पाणी प्यायला छत गळायची गरजच नाही.

आणि खोलीत आपण झोपायला लागतो, हाही त्यातला एक घटक आहे. श्वासातून आणि त्वचेतून दोन माणसं रात्रभरात अर्धा लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतात. अडगळीची खोली म्हणून जी भिंत उंबरठ्याच्या आत होती, ती आता दारं-खिडक्या लावल्यावर रोज रात्री तो ओलांडते.

दिवाळीनंतर हवा कोरडी होते, द्रावण आटतं आणि क्षारांचे स्फटिक होतात. हे स्फटिक गिलाव्याच्या छिद्रांत वाढताना आजूबाजूला दाब देतात. मग पोपडे निघतात. गवंडी ज्याला भिंतीला लोणा लागला म्हणतात, तो हाच. दर वर्षी ओलं-सुकं, ओलं-सुकं. वर ऑइलपेंट असेल तर बाष्प बाहेर पडू शकत नाही, स्फटिक रंगाच्या मागेच वाढतात आणि रंगाचे पापुद्रे उचलतात. डब्यावर ‘डॅम्पप्रूफ, दहा वर्षांची हमी’ लिहिलेल्या रंगांचा या भिंतीवर टिकाव लागत नाही तो यामुळे. पैसे घालवू नका.

खात्री करायची असेल तर घरी होण्यासारखा एक प्रयोग आहे. इमारतींचे अभ्यासक याच तत्त्वाची चाचणी प्रयोगशाळेत करतात. डागाच्या जागचा गिलावा चमचाभर खरवडा, आणि दुसऱ्या एखाद्या कोरड्या भिंतीचाही तितकाच. दोन्ही उन्हात नीट वाळवा आणि वेगवेगळ्या झाकणांत घालून वजन करा. स्वयंपाकघरातला काटा चालणार नाही, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा हवा. गुजरीत ओळखीचा सराफ असेल तर काम सोपं. आता घट्ट झाकणाच्या मोठ्या डब्यात एका वाटीत मीठ आणि त्याचा लगदा होईल इतकंच पाणी ठेवा, शेजारी ही दोन्ही झाकणं, आणि डबा बंद करा. मिठाचा लगदा त्या डब्यातली हवा ७५ टक्क्यांवर आणून ठेवतो: कमी झाली तर पाणी देतो, जास्त झाली तर घेतो. आठवड्याने पुन्हा वजन करा. स्नेह्यांकडचा डागाचा चुरा हाताला चिकटत होता आणि वजन उघड वाढलेलं होतं, दुसऱ्या भिंतीचा चुरा जवळपास होता तसाच. गच्चीचं त्यात काही नव्हतं.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी शिरलेल्या घरांची ओल मात्र वेगळी. ती जमिनीकडून वर चढते आणि भिंतीच्या खालच्या भागात पट्टा दिसतो. धुराड्याचा डाग उंचावर, बरोबर धुराड्याच्या रुंदीइतका.

याच डागावरून वास्तूचे सल्लागार ‘अग्नीची जागा आग्नेयेला नाही’ म्हणून शांती करायला लावतात. घरातली म्हातारी माणसं घाबरतात, मुलं त्या खोलीत झोपायला नकार देतात. क्षारांना दिशा नसते. ज्यांनी ही भीती घातली त्यांनी तो चमचाभर चुरा तोलून बघावा, एवढंच माझं मागणं आहे.

आता करायचं काय? धुराडं वरून आणि खालून कडेकोट बुजवू नका. आतली हवा आणि बाहेरची हवा यांच्या तापमानात फरक असला की धुराडं आपोआप वाहतं. २५ अंशांच्या हवेपेक्षा १५ अंशांची हवा घनमीटरमागे सुमारे ४० ग्रॅम जड असते, म्हणून हिवाळ्याच्या रात्री खोलीतली हलकी हवा वर चढते आणि जाताना विटांतलं बाष्प घेऊन जाते. उन्हाळ्याच्या दुपारी जाड भिंतींची खोली गार आणि बाहेर ऊन, तेव्हा प्रवाह उलटतो आणि काजळीचा वास खाली येतो. पावसाळ्यात दोन्हीकडचं तापमान जवळजवळ सारखं, त्यामुळे प्रवाह मंदावतो, आणि आत येते तीही दमट हवाच. म्हणून खालच्या तोंडाला हवेसाठी जाळी बसवली की आषाढातही भिंत सुकेल अशी आशा धरू नका. तिचा उपयोग नंतरच्या कोरड्या महिन्यांत होतो.

आधी धुराडं साफ करून घ्या. आत पारव्यांची घरटी आणि काजळीचे थर असतात. वरच्या तोंडावर चार कोपऱ्यांत विटा उभ्या करून त्यावर शहाबादी फरशी टाकली की पाऊस अडतो आणि हवा खेळते. खालचं तोंड बंद केलं तरी वीतभर लांबी-रुंदीची जाळी ठेवा. डागाच्या जागचा गिलावा विटांपर्यंत काढा, डागाच्या कडेपलीकडेही हातभर. तिथे पुन्हा सिमेंट नको, चुन्याचा गिलावा करा. किंवा भिंतीपासून दोन-तीन इंच पोकळी सोडून पट्ट्यांवर बोर्ड लावा. धुराड्याची भिंत खोलीत पुढे आलेली असते, ती जागेसाठी फोडायचा मोह होतो. वरच्या विटांचा सगळा भार तिच्यावर असतो, तेव्हा अभियंत्याला दाखवल्याशिवाय छिन्नी लावू नका.

आणि तोंड बंद केलेल्या खोलीत थंडीत कोळशाची शेगडी कधीही ठेवू नका, पन्हाळ्यावर तर नाहीच. कोळसा धुमसताना निघणारा कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही.

गिलाव्याचं काम फेब्रुवारी-मार्चमध्ये काढा, त्या वेळी भिंत सर्वांत कोरडी असते. पहिल्या पावसाळ्यात नुसती चुन्याची सफेदी राहू द्या, क्षार बाहेर आले तर कोरड्या ब्रशने झाडून टाका. ओल्या फडक्याने पुसलं तर ते पुन्हा आत मुरतात. पलंग आणि कपाट त्या भिंतीपासून हातभर लांब ठेवा. रंगाचं दुसऱ्या दिवाळीला बघू.