सापसुरळी सापाची मावशी नाही, सरडा मात्र जवळचा

सोयाबीनची बनीम हलवली की खालून तेलकट चमकणारी सापसुरळी निसटते आणि 'सापाची मावशी, मारा!' म्हणत कुणीतरी दगड उचलतोच. लातूर-बीडकडे सुगीत हे ठरलेलं. तिला विष नाही, हे सांगून झालंय. मला जास्त गंमत वाटते ती पुढच्या गोष्टीची: ती सापाची मावशीसुद्धा नाही. बांधावर मान हलवणारा सरडा आणि कपारीतली घोरपड सापाला तिच्यापेक्षा जवळची आहेत.

डोळ्यांना हे पटत नाही, कारण डोळे पाय बघतात. पण साप, सरडे, पाली, सापसुरळ्या यांच्या वंशात पाय आखूड होणं किंवा पार जाणं वीसहून जास्त वेळा, स्वतंत्रपणे घडलंय. गवतामातीत सरपटायला लांबट अंग सोयीचं, एवढंच. नात्याच्या बाबतीत पायांची साक्ष कच्ची.

जनुकांची साक्ष वेगळी. जुन्या खासरा पत्रकाची नक्कल करताना कारकुनाने आडनाव चुकवलं, की त्या नकलेवरून निघालेल्या सगळ्या नकलांत तीच चूक उतरते. दोन कागदांत त्याच त्या चुका बऱ्याच सापडल्या तर मूळ एकच. डीएनएचंही तसंच.

पण कुठल्या चुका बघायच्या? डीएनए ए, सी, जी, टी या चार अक्षरांत लिहिलेला असतो. त्यातली तीन अक्षरं मिळून एक अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाच्या माळेतला एक मणी, ठरतं. जीजीए, जीजीसी, जीजीजी, जीजीटी, काहीही असलं तरी ग्लायसिन हेच अमिनो आम्ल. तिसरं अक्षर बदलून प्रथिन तेच राहतं, म्हणून नैसर्गिक निवड सहसा आड येत नाही आणि बदल भराभर साचतात. जवळच्या जाती ओळखायला हे उत्तम. मायटोकॉन्ड्रियातली, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातली, जनुकं तर आणखी वेगाने बदलतात. माळरानावर गळ्याखालचा पंखा उघडणारे सरडे पूर्वी एकाच गटात धरले जायचे. 2016 मध्ये जनुकं आणि शरीररचना दोन्ही तपासून त्यातल्या काहींचा नवा गट झाला, आणि त्याला शास्त्रीय नावही आपल्या 'सरडा' शब्दावरूनच मिळालं.

पाली मात्र बाकीच्यांपासून फुटल्या त्याला वीस कोटींच्या आसपास वर्षं झाली. एवढ्या काळात ए या अक्षराचं जी होतं, जीचं पुन्हा ए होतं आणि खूणच पुसली जाते. तिथे पेशीकेंद्रातली, सावकाश बदलणारी जनुकं लागतात.

अशी नऊ जनुकं विदाल आणि हेजेस या संशोधकांनी 2005 मध्ये तपासली. तोवर जिभेने भक्ष्य धरणारे सरडे आणि घोयरे एकीकडे, बाकी सगळे दुसरीकडे, अशी वाटणी होती. जनुकांनी ती मोडली. पाली फार आधी फुटल्या, नंतर सापसुरळ्या. साप, सरडे आणि घोरपडी राहिल्या एकाच फांदीवर.

डीएनएच्या याच अक्षरांनी एक भोंदूगिरीही उघडी पाडली. धनलाभासाठी 'हत्थाजोडी' नावाची मुळी विकतात. ती मुळी नव्हेच, नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय आहे, हे जनुकीय तपासणीत सिद्ध झालं. घोरपड 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, म्हणजे घेणाऱ्याच्या देव्हाऱ्यात लक्ष्मीऐवजी गुन्ह्याचा पुरावा.

जीवाश्मांची हाडं तपासणाऱ्या काहींना ही नवी मांडणी पटलेली नाही. शिवाय साप, सरडे आणि घोरपडी या तिघांत आधी कोण फुटलं यावर जनुकवाल्यांचंही एकमत नाही. तिन्ही शाखा भूशास्त्राच्या हिशेबात लागोपाठ फुटल्या, त्यामुळे मधल्या थोड्या काळात साचलेली सामायिक अक्षरं फार कमी आहेत, आणि वेगवेगळी जनुकं वेगवेगळा क्रम सांगतात.